जुन्या स्लॅबवर चढण्याआधी

वर जायची घाई करू नको, आधी खालून छत नीट बघ, प्लास्टर फुगलंय, तांबडे डाग आलेत किंवा गंजलेल्या सळ्या दिसतायत तर सरळ इंजिनिअरला बोलव, वर पायच ठेवू नको. बाकी ठीक असेल तर भिंती नि बीमच्या लाइनवरूनच चाल, शेवाळ ओलं असताना अजिबात नाही, आणि जुन्या कठड्याला टेकायचं नाही. वर भेग दिसली तर तिच्यावर नुसतं सिमेंट फासून काही होत नाही बरं का, उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, थंडावला की आकसतो, भेग परत उघडते. ती व्ही आकारात खोद, तारेच्या ब्रशने साफ कर, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर घातलेला सिमेंट-वाळूचा माल) भर, वाळल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दे, दुसरा पहिल्याला आडवा. थरावर थर मात्र चढवत बसू नको, उगाच वजन वाढतं.