‘सति’ म्हणजे आठवण की सजगता?

एका वाचक मैत्रिणीने विचारलं आहे: “बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातल्या ‘सम्मा सति’ला एका मराठी पुस्तकात ‘सम्यक स्मृती’ म्हटलंय, दुसऱ्यात ‘सजगता’. माइंडफुलनेस म्हणजे आत्ताच्या क्षणात असणं, आणि स्मृती तर मागचं आठवणं. मग ‘स्मृती’ हे भाषांतर चुकलंय ना?”

चुकलेलं नाही. उलट दोन्हींत तेच मुळाला जास्त धरून आहे असं मला वाटतं.

पाली ‘सति’ म्हणजेच संस्कृत ‘स्मृति’. धातू ‘स्मृ’, आठवणे. पालीचे इंग्रज अभ्यासक र्‍हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘सति’ला इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ म्हटलं. इंग्रजीतल्या ‘माइंड’ या क्रियापदालाही आठवण ठेवणे हा जुना अर्थ होताच. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ताण कमी करण्याचे वर्ग सुरू केले. तिथून हा शब्द दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत पोचला, आणि वाटेत त्याच्यातली आठवण गळून पडली. उरलं ते फक्त ‘या क्षणाकडे लक्ष’.

पण संस्कृतात स्मृतीचा अर्थ नुसता भूतकाळाशी बांधलेला नाही. पतंजलीचं सूत्र आहे, ‘अनुभूतविषयासंप्रमोषः स्मृतिः’. संप्रमोष म्हणजे चोरीला जाणं, निसटणं. अनुभवलेलं निसटू न देणं ही स्मृती. गीतेच्या शेवटी अर्जुन म्हणतो, ‘नष्टो मोहः स्मृतिर्लब्धा’. त्याला काही जुनी हकीकत आठवलेली नसते. आपण कोण, कुठे उभे आहोत, काय करायचंय, याचं भान त्याला परत आलेलं असतं.

आता आपल्या मराठीकडे या, कारण खरी गंमत इथे आहे. आपण ‘लक्ष दे’ म्हणतो तेव्हा ते अवधान असतं. ‘लक्षात ठेव’ म्हटलं की तीच गोष्ट स्मरण होते. शब्द एकच. ‘ध्यान’ बघा: ध्यानाला बसणं वेगळं, पण ‘एवढं ध्यानात ठेव’ म्हणजे विसरू नकोस, आणि ‘ध्यानीमनी नव्हतं’ म्हणजे मनात आलंच नव्हतं. आणि सगळ्यांत सुंदर, ‘आठवणीने’. “आठवणीने औषध घे” असं आई म्हणते तेव्हा तिला जुन्या औषधांच्या आठवणी काढायला सांगायचं नसतं. वेळ येईल तेव्हा दुसऱ्या कामात वाहून जाऊ नकोस, एवढंच तिचं म्हणणं. आठवणीने केलेली गोष्ट नेहमी वर्तमानात घडते. माझ्या मते ‘सति’ हीच.

असं आठवावं का लागतं, याचं उत्तर माणसाच्या मनाच्या घडणीत आहे. १९९७ मध्ये टॉमस सडेंडॉर्फ आणि मायकेल कॉर्बॅलिस या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की मनाने मागे जाणं आणि पुढे जाणं ही एकच शक्ती आहे, आणि उत्क्रांतीत ती खास माणसाच्या वाट्याला आली. पुढचा दुष्काळ आज डोळ्यांपुढे आणता येणं हा केवढा फायदा! मेंदूला इजा होऊन स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग न आठवणारा कॅनडातला एक रुग्ण मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी अभ्यासला होता. त्याला “उद्या काय करशील?” विचारलं तरी त्याचं मन कोरंच राही. भूतकाळ गेला, तसा उद्याही गेला. धडधाकट मन मात्र या येरझाऱ्यांत रमतं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० जणांना फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. असं मन जागेवर आणायचं तर ‘आपण गेलो होतो’ हे आधी आठवायला हवं. विपश्यनेला बसलेल्या कुणालाही विचारा: श्वासावरचं लक्ष सुटलं हे ध्यानात येतं तोच खरा क्षण.

मग ‘सजगता’ कुठे बसवायची? पालीत ‘सति’बरोबर ‘सम्पजञ्ञ’ असा वेगळा शब्द येतो. सतीच्या साधनेवरचं बुद्धाचं प्रवचन म्हणजे सतिपट्ठान सुत्त. त्यातला साधक ‘आतापी सम्पजानो सतिमा’ असतो, म्हणजे उद्योगी, सम्पजञ्ञ असलेला आणि सति असलेला. जे चाललंय ते नीट कळणं हे सम्पजञ्ञ, आणि ‘सजगता’ त्याच्या जास्त जवळची. मानसोपचाराच्या लेखनात माइंडफुलनेससाठी ती रुळली आहे, तिथे राहू द्या. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात मात्र ‘स्मृती’ काढून ‘सजगता’ घालू नये. मुळात दोन शब्द आहेत, त्यांचा एक होतो.

रोजच्या बोलण्यात मला ‘भान’ आवडतं. भान हरपतं, भानावर येता येतं, भान ठेवता येतं. जाणं, परतणं आणि राखणं तिन्ही त्यात आहे. ‘अवधान’ही चांगला, ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे मागितलेला. पण तो ऐकणाऱ्याचा शब्द आहे, श्वासाशी तो तितका जुळत नाही.

आनापानसतीतलं, म्हणजे श्वासावरच्या ध्यानातलं, ‘सतो व अस्ससति’ हे वाक्य माझ्या पुतण्याला समजावताना मी ‘स्मृतिमान होऊन’ वगैरे काही म्हटलं नाही. ‘तो आठवणीने श्वास घेतो’ एवढंच सांगितलं, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.