चाळीस वर्षं चाललेलं कॅथलिक वर्करचं घर बंद का पडतं? वेळीच ट्रस्ट केला असता तर वाचलं असतं का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत तुमच्या शहरातलं कॅथलिक वर्करचं घर, म्हणजे त्या चळवळीतल्या लोकांनी बेघरांना जेवण आणि आसरा द्यायला चालवलेलं घर, मार्चमध्ये बंद होतंय, मराठी मंडळातर्फे तुम्ही महिन्यातून एकदा तिथे जेवण नेता, आणि रीतसर नोंदणी करून चार ग्रँट आणल्या असत्या तर ते वाचलं असतं असं तुम्हाला वाटतं.

नसतं वाचलं. हे उत्तर मी कित्येक वर्षं माझ्या थोरल्या भावाला देतोय. आज तुम्ही सापडलात.

मी वसईचा. १९९८ साली नोकरीसाठी इकडे आलो, मिडवेस्टातल्या एका जुन्या, कारखाने ओस पडलेल्या शहरात. तिथे १९७९ पासून एक नवराबायको असं घर चालवत होते. लाकडी तीन मजली घर, वर नऊ खाटा, खाली स्वयंपाकघर, संध्याकाळी पाचला सूपची रांग. कोणी आलं की नाव विचारायचे, ओळखपत्र नाही. राहायला येणाऱ्याला ‘क्लायंट’ म्हटलेलं बाईंना खपायचं नाही, तो ‘पाहुणा’. आपल्याकडे म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तिथला सर्वांत जुना पाहुणा अकरा वर्षं होता. पोलाद कारखान्यातून सुटलेला माणूस. कांदे तोच चिरायचा आणि दुसऱ्या कोणी चिरले तर रुसायचा.

मी दर मंगळवारी जायचो. कधी डाळभात, कधी नुसती भांडी. रात्री दहाला गाडीत बसून वीस मिनिटांत घरी.

२००९ च्या उन्हाळ्यात दादा दोन महिने राहायला आला. दादा म्हणजे आयुष्यभर बँकेत कारकुनी, गावात धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, प्रत्येक समितीचा खजिनदार. पहिल्या मंगळवारी त्याला घेऊन गेलो. लोक जेवत होते आणि हा बाईंना विचारतोय, ‘हिशेबाची वही कुठंय?’ बाईंनी फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत चेक, नोटा, विजेचं बिल, कोणाचं तरी नाताळचं कार्ड. दादाचा चेहरा अजून आठवतो. आईच्या दवाखान्याचे रिपोर्ट वाचतानाही तो इतका गंभीर नव्हता.

पुढचे दोन दिवस त्याने त्या डब्याची कीर्द बनवली. जाड वही आणली, रकाने आखले, सवयीने वर देवनागरीत ‘जमा’ आणि ‘खर्च’ लिहिलं. बाई खूश. आणि घरी येताना गाडीत आमचं जे भांडण सुरू झालं ते काल-परवापर्यंत चालू होतं.

दादाचं म्हणणं तुमचंच. नोंदणी नाही म्हणजे देणाऱ्याला करसवलत नाही, आपल्या ८०जी सारखं काही नाही, मग मोठा देणगीदार येईल कशाला? सरकारी पैसा घ्यायचा नाही हे तर शुद्ध आडमुठेपण. मी त्याला सांगितलं, बाबा रे, हा आडमुठेपणा या लोकांचा मूळ धर्म आहे. ही चळवळ सुरू करणाऱ्या डॉरथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १ मे १९३३ ला न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हे एक सेंटचं वर्तमानपत्र विकायला काढलं, घरं त्या मागोमाग आली. दानधर्म करायला सरकारची परवानगी कशाला मागायची, म्हणून डेबाईंनी करमाफीचा अर्जच केला नाही. १९७२ साली कर खात्याने दंडासकट २,९६,३५९ डॉलर मागितले, तरीही नाही. शेवटी खात्यानेच नाद सोडला. न्यूयॉर्कमधलं क्रिस्टी स्ट्रीटचं घर शहराने भुयारी रेल्वेसाठी घेतलं. भरपाईचे पैसे द्यायला उशीर झाला म्हणून व्याज दिलं, तर या बाईंनी १९६० साली ३,५७९ डॉलर ३९ सेंट व्याज शहराच्या खजिनदाराला परत पाठवलं. व्याज खाणं पाप, म्हणून.

व्याज परत केल्याचं ऐकून दादाने मला गाडी बाजूला घ्यायला लावली. पस्तीस वर्षं व्याज मोजलेला माणूस तो.

आता तुमच्या प्रश्नाचं जेवढं उत्तर मला येतं तेवढं देतो. ही घरं पैशाने सहसा मरत नाहीत. क्रिस्टी स्ट्रीटचं घर गेलं ते रेल्वेमुळे, आणि पाहुणे दुसऱ्या पत्त्यावर गेले. दुसऱ्या महायुद्धात देशभरातली कितीतरी घरं बंद पडली, कारण डेबाईंनी युद्धाला पाठिंबा द्यायचं नाकारलं आणि चालवणाऱ्यांत फूट पडली, शिवाय तरुण पोरं एकतर सैन्यात गेली नाहीतर लढायला नकार देणाऱ्यांच्या छावणीत. म्हणजे माणसं गेली. नंतर जी बंद झाली त्यांतल्या बऱ्याच घरांची गोष्ट त्याहून साधी असते: चालवणारे सत्तरीत पोचतात, गुडघे जातात, एकजण आधी जातो, आणि रात्री दोनला दारावरची थाप ऐकून उठणारं कोणी उरत नाही.

सिस्टरांच्या आश्रमाशी तुलना करू नका, आपले लोक हमखास करतात. डेबाई १९७० मध्ये कलकत्त्याला मदर तेरेसांना भेटून आल्या, दोघींचं छान जमायचं, पण दोन्हींची रचना वेगळी. सिस्टर आजारी पडली तर वरून पत्र येतं आणि दुसरी सिस्टर बॅग घेऊन हजर होते. आज्ञापालनाचं व्रत असतं त्यांचं. कॅथलिक वर्करच्या घराला वरचं कोणी नाहीच. बिशपही नाही, मुख्यालयही नाही. बदलीवर कोणी येत नाही. ज्याला वाटेल त्याने यावं आणि राहावं, बस्स.

आमच्या घरातले म्हातारबाबा २०१२ मध्ये गेले. बाई एकट्या. त्यानंतरच्या एका मंगळवारी भांडी पुसताना त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, वरची मागची खोली रिकामी आहे, तू राहायला येतोस का? माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, हे सांगून टाकतो. मी एच-वन व्हिसाचं कारण सांगितलं. व्हिसाचा आणि त्या खोलीचा काडीचा संबंध नव्हता. खरं कारण ढेकूण, आणि सकाळी आंघोळीला नऊ जणांमागे रांग. बाई म्हणाल्या बरं, आणि परत कधीच विचारलं नाही. त्यांनी आणखी चार-पाच जणांना विचारलं असावं. प्रत्येकाकडे आपापला व्हिसा होता.

शेवटी २०१६ च्या ऑक्टोबरात घर बंद झालं. पाहुण्यांची सोय लागेपर्यंत बाई थांबल्या. कांदेवाल्याला वृद्धांच्या सरकारी घरात खोली मिळाली, तिथे स्वयंपाकघर नाही म्हणून तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही. निरोपाच्या जेवणाला दीडशे लोक. सगळे रडले, सगळ्यांनी फोटो काढले. एकाने व्यासपीठावरून (व्यासपीठ कसलं, ब्रेडचे क्रेट) विचारलं, हे टिकवता आलं नसतं का? टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

बाईंनी दादाची वही मला दिली, भावाला परत कर म्हणून. सात वर्षं त्यांनी ती लिहिली होती. प्रत्येक नव्या पानावर ‘जमा’ आणि ‘खर्च’ ही अक्षरं चित्र काढावं तशी उतरवलेली, ‘ख’चा ‘रव’ झालेला, शिरोरेघ कुठल्या कुठे. शेवटच्या पानावर शिल्लक चार हजार एकशे डॉलर. मी त्याच रात्री वसईला फोन लावला. म्हटलं दादा, ऐक, घर बंद झालं आणि गल्ल्यात चार हजार डॉलर आहेत. आता बोल, पैशाने बुडालं?

तो म्हणाला, वाच पुढे, आणखी काय लिहिलंय?

बाईंनी तिसरा रकाना स्वतःच आखला होता. रात्री मुक्कामाला कोण. सुरुवातीच्या पानांवर तीन-तीन नावं, मग दोन, २०१३ नंतर जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच, त्यांचं स्वतःचं. मी वाचून दाखवलं. दादाने विचारलं, तुझं नाव किती वेळा आहे?

मी म्हटलं, इथे रात्र झालीये, उद्या बोलू.

तेव्हा तुम्हाला सल्ला म्हणून एवढंच: ट्रस्टबिस्ट सोडा. तिथे चालवणाऱ्यांना जाऊन विचारा की रात्री कोण झोपतं. एकच नाव आलं तर जेवणाचे ट्रे वाढवून काही होणार नाही. आणि हो, दादाचंही अगदीच चूक नाही. नोंदणी करून पगारी माणसं ठेवून उत्तम चालणारे निवारे आहेत, हिवाळ्यात जीव वाचवतात, मी त्यांनाही पैसे देतो. काही कॅथलिक वर्कर घरांनीही नोंदणी केलेली आहे, सगळी एका साच्याची नाहीत. तुमचं घर जागामालकाने किंवा अग्निशमनाच्या नियमांनी बंद पडत असेल तर वरचं सगळं लागू नाही, आधी वकील बघा.

पीटर मॉरिनचं म्हणणं तर असं होतं की मोठी घरं हा दुय्यम उपाय, खरं म्हणजे प्रत्येक कुटुंबाने एक खोली ख्रिस्तासाठी, म्हणजे दारात येईल त्याच्यासाठी, ठेवावी. माझ्याकडे अशी खोली आहे. तिच्यात एक ट्रेडमिल आणि भारतात न्यायच्या चार बॅगा आहेत. बायको म्हणते हे उत्तरात लिहू नकोस, लोक सल्ला द्यायला लागतील. द्या.

घराची दोन मोठी पातेली माझ्या गॅरेजमध्ये आहेत, प्रत्येकी पन्नास-साठ माणसांचं सूप होईल एवढी. तुमचं घर बंद न होता कोणी चालवायला घेणार असेल, किंवा कोणी नवं काढत असेल, तर मेसेज करा. मी गाडीने आणून देईन. एकाला झाकण नाही.