ट्रान्समीटर परत पाठवा, कंट्रोलर परत द्या

प्रश्न : मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. ७४ टक्के आहेत, सीईटीला ८६ पर्सेंटाइल. जेईई चांगली गेली नाही. एक वर्ष ड्रॉप घे म्हटलं तर म्हणतो, मला डीजे व्हायचंय. गेली दोन वर्षं दर शुक्रवारी रात्री अकरा ते एक तो मित्रांबरोबर इंटरनेटवर गाणी लावतो, मधे मधे बोलतो. चाळीसेक जण ऐकतात म्हणे. आता लंडनच्या बेकायदा रेडिओ स्टेशनांबद्दल वाचून नवं खूळ घेतलंय. एफएम ट्रान्समीटरचं किट मागवलं होतं, गच्चीवर बसवणार होता. पार्सल माझ्या हाती लागलं. लॅपटॉप, गाणी मिक्स करायचा कंट्रोलर, हेडफोन सगळं मी भावाकडे नेऊन ठेवलं. त्याच्या आईलाही सांगितलंय, वळणावर येईपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही. आम्ही धानोरीत राहतो, सोसायटीत मान आहे. उद्या मुलगा मिरवणुकीत डीजे वाजवतो असं ऐकायची वेळ यायला नको. हे खूळ कसं काढावं आणि कुठली ब्रँच घ्यावी?
एक पालक, पुणे

उत्तर : नमस्कार.

टक्के आणि पर्सेंटाइल मी नंतर पाहिले. ‘त्याच्या आईलाही सांगितलंय’ या वाक्यापाशीच मी अडकले. निकाल मनासारखा नाही, जेईई हातची गेली, बरोबरीची मुलं ॲडमिशनच्या धावपळीत आहेत, आणि अशा दिवसांत हा अठरा वर्षांचा मुलगा ज्या घरात उठतो-बसतो तिथे त्याच्याशी कुणी बोलत नाही. याला शिस्त म्हणत नाहीत. त्याला एकटं पाडणं म्हणतात. तो जेवतो का, झोपतो का, मित्रांना भेटतो का, यातलं काहीही तुमच्या पत्रात नाही. सोसायटीतला मान मात्र आहे.

म्हणून पहिलं काम ब्रँच निवडण्याचं नाही. आज संध्याकाळी त्याला जेवायला हाक मारा. मार्क, जेईई, डीजे यातला एकही शब्द काढू नका. त्याच्या आईला बोलायला तुमच्या परवानगीची गरज नाही, हेही त्यांना तुम्हीच सांगा. तो गप्प गप्प झाला असेल, खोलीबाहेर येत नसेल, जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलत असेल तर करिअर वगैरे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. मी घाबरवत नाहीये. निकालाच्या दिवसांत घरातला अबोला मुलांना किती महागात पडतो, हे या कामात जवळून पाहिलंय.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते जे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. दोन वर्षं, दर शुक्रवारी, अकरा ते एक. यात अकरावी-बारावीही आली, क्लासही आले. ज्या मुलाला ‘वळण नाही’ असं तुम्ही म्हणता, त्याने आठवड्याची एक वेळ दोन वर्षं पाळली. भजनी मंडळाचा गुरुवार जसा पावसापाण्यात चुकत नाही, तसा याचा शुक्रवार. चाळीस श्रोते तुम्हाला थोडे वाटतात. कुणी बोलावलं नसताना रात्री अकराला घड्याळ बघून येणारी चाळीस माणसं मिळवणं फार अवघड असतं. आणि कंट्रोलर भावाकडे गेल्यापासून त्या चाळीस जणांना तो का दिसत नाही हे ठाऊक नाही. त्याचं काय तुटलंय ते यावरून बघा.

त्याने लंडनबद्दल जे वाचलंय ते खूळ नाही, तो इतिहास आहे. साठच्या दशकात बीबीसीला रेकॉर्ड वाजवायला ठरावीक तासांचीच मुभा होती, तरुणांना हवं ते संगीत तिथे जवळजवळ नव्हतं. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडे, ब्रिटिश हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून रेडिओ कॅरोलाइन सुरू झालं. ऑगस्ट १९६७ मध्ये सरकारने कायदा करून जहाजांची कोंडी केली, आणि पुढच्याच महिन्यात बीबीसीने रेडिओ वन काढलं. त्यावरचा पहिला डीजे टोनी ब्लॅकबर्न याच जहाजांवर तयार झालेला होता. आपल्याकडचं उदाहरण तुमच्या वडिलांना विचारा. १९५२ मध्ये माहिती-प्रसारण मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी ऑल इंडिया रेडिओवरची सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली आणि अमीन सायानींची बिनाका गीतमाला घराघरात पोचली. अखेर १९५७ मध्ये विविध भारती आली. रेडिओ सिलोन बेकायदा नव्हतं, पण दिल्लीला नको असलेलं संगीत त्याच्यामुळे टिकलं. ते ऐकणारी माणसं वाया गेलेली नव्हती.

तुमच्या मुलाला ओढ आहे ती नव्वदच्या दशकाची. पूर्व लंडनमधल्या कामगार वस्त्यांच्या उंच इमारती, आणि त्यांच्या गच्च्यांवर चोरून उभारलेल्या अँटेना. जंगल, गराज, पुढे ग्राइम हे संगीत मोठ्या स्टेशनांवर आलं ते नंतर. त्याआधी ते या गच्च्यांवरून ऐकू यायचं. रिन्स एफएम हे असंच एक चोरटं स्टेशन १९९४ मध्ये जीनियस आणि स्लिमझी या कोवळ्या पोरांनी मित्रांच्या साथीने उभं केलं. स्टुडिओ एका फ्लॅटमध्ये, ट्रान्समीटर दुसऱ्याच इमारतीवर, मधे मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे बिनतारी जोडणी. सरकारी माणसांनी ट्रान्समीटर जप्त केला तरी स्टुडिओ वाचावा म्हणून ही व्यवस्था.

श्रोत्यांशी त्यांचं नातं कसं होतं ते सांगते, कारण मुलाच्या शुक्रवारात तेच आहे. स्टुडिओत एक मोबाइल ठेवलेला असे. गाणं आवडलं की ऐकणारी मुलं मिस्ड कॉल देत, म्हणजे पैसे लागत नसत. एमसी, म्हणजे गाण्यांवर माइकवरून बोलणारा, आलेल्या नंबरांचे शेवटचे तीन आकडे माइकवर पुकारायचा. आपले तीन आकडे हवेत ऐकले की त्या पोराला कोण आनंद. कॉल धडाधड यायला लागले की डीजे तबकडी मागे ओढून तेच गाणं पहिल्यापासून लावायचा. यातली कितीतरी गाणी दुकानात आलेलीही नसत. कुणीतरी घरी बनवलेलं गाणं ॲसिटेटच्या तबकडीवर कापून आणायचं आणि रात्री वाजवायचं. ही तबकडी मऊ असते, काही डझन वेळा वाजली की खरखरायला लागते. तेवढ्यात ते गाणं लोकांना हवंय की नको हे कळून जायचं. डिझी रास्कलसारखा रॅपर मुलगा या वातावरणातून आला आणि विशीच्या आत, २००३ मध्ये, त्याने ब्रिटनमधला अल्बमसाठीचा मर्क्युरी पुरस्कार घेतला.

आता गैरसमज. तो तुमचाही आहे आणि मुलाचाही, फक्त उलट्या बाजूंनी. तुम्हाला वाटतं कायदा मोडणारी ही पोरं भणंग होती. त्याला वाटतं कायदा मोडला म्हणून ती मोठी झाली, आणि त्यावर पोटही भरता येतं. या स्टेशनांवर बहुतेक डीजेंना पगार नव्हता. उलट आपल्या दोन तासांच्या स्लॉटसाठी तेच स्टेशनला वर्गणी द्यायचे, आणि जप्त झालेल्या ट्रान्समीटरच्या जागी नवा त्या पैशातून यायचा. कमाई व्हायची ती क्लबमधल्या कार्यक्रमांतून आणि रेकॉर्ड विकून, तीही सगळ्यांची नाही. गच्चीवर जाणं ही हौस नव्हती, दुसरं दार बंद होतं. दार उघडायची शक्यता दिसताच शहाण्या लोकांनी काय केलं पाहा. १९८५ पासून चोरून चालणाऱ्या किस एफएमने परवान्याचा अर्ज करता यावा म्हणून १९८८ अखेर स्वतःहून प्रसारण थांबवलं. पहिला परवाना दुसऱ्यांना गेला. किस १९९० मध्ये कायदेशीर होऊन परत आलं. रिन्सला परवाना मिळाला २०१० मध्ये, सोळा वर्षांनी. आणि त्याआधी, २००५ मध्ये, स्लिमझीला कोर्टाने चार मजल्यांपेक्षा उंच इमारतीच्या गच्चीवर पाय ठेवायला बंदी केली होती. मोठे झाले ते दर आठवड्याला जाणत्या कानांसमोर उभे राहिल्यामुळे. एखादं गाणं पडलं, मिस्ड कॉल आले नाहीत, तरी पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले.

हा पुढचा मजकूर मुलाला वाचायला द्या.

बाळा, ट्रान्समीटर बसवू नकोस. परवान्याशिवाय एफएमवर प्रक्षेपण करणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. तू तर लोहगाव विमानतळाच्या शेजारी राहतोस. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांना दिशा आणि धावपट्टी दाखवणाऱ्या लहरी सुरू होतात. स्वस्त किटमधून नको त्या फ्रिक्वेन्सीवर गळती होते, हे तुला सर्किट कळतं म्हणून तुलाही माहीत असेल. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरला राघव महतो नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा तरुण होता. शाळेत फारसा न गेलेल्या या मुलाने स्वतः जोडलेल्या ट्रान्समीटरवर गावासाठी स्टेशन चालवलं, आसपासची गावं ते ऐकायची. २००६ मध्ये सरकारने ते बंद केलं. त्याच वर्षाअखेर सामुदायिक रेडिओचे परवाने स्वयंसेवी संस्थांसाठीही खुले झाले. आज साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी चालते, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे. लंडनच्या पोरांना गच्ची लागली कारण त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं. तुझे श्रोते तुझ्याकडे आधीच येताहेत. ट्रान्समीटरने तुला चार-दोन किलोमीटर मिळतील आणि पोलीस. गाण्यांच्या हक्कांचे नियम इंटरनेटवरही लागू असतात, तेही नीट वाचून घे. ओळखीच्या मुलांनी स्वतः बनवलेलं संगीत त्यांना विचारून लाव. खरं तर पायरेट, म्हणजे या बेकायदा, रेडिओचा जीव तिथेच होता.

आणि पुण्यात कोण काय बनवतंय, हे दर शुक्रवारी सांगणारा तू झालास तर मला फार आवडेल.

आता पुन्हा तुमच्याशी. ड्रॉप घेऊ नका. ज्याला जेईई द्यायचीच नाही त्याचं एक वर्ष तुमच्या हट्टापायी जाळू नका, यात मला काडीची शंका नाही. सीईटीच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, त्याला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळू शकेल. पण किट जोडायची त्याची आवड सर्किटची आहे की केवळ प्रसारणाची, हे त्याला विचारा. सर्किटची असेल तर ई अँड टीसी. नसेल तर साधी बीए-बीएस्सी चालेल, आणि पदवीनंतर एफटीआयआय या पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटचा ध्वनिमुद्रणाचा कोर्स किंवा पत्रकारितेसाठी रानडे इन्स्टिट्यूट. आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषक म्हणून आवाजाची चाचणी देता येते, त्यासाठी त्याची भाषा आणि उच्चार सुधारायला हवेत. लाखभर रुपये घेऊन तीन महिन्यांत ‘प्रोफेशनल डीजे’ करून देणाऱ्या ॲकॅडमीत मात्र पैसे भरू नका. बटणं कशी दाबायची ते तो दोन वर्षांत शिकलाय. नुसत्या डीजेगिरीवर संसार चालणारे फार थोडे, हे त्यालाही स्पष्ट सांगा. ध्वनी, रेडिओ, पॉडकास्ट, कार्यक्रमांचं तांत्रिक काम यांच्या जोडीने चालणारे बरेच आहेत.

मिरवणुकीबद्दल एक. त्या आवाजाच्या भिंतींची तुमची चीड रास्त आहे, कानांचं नुकसान होतंच. तुमचा मुलगा ते काम करत नाही. पण ते करणारी पोरंही उन्हातान्हात स्पीकर वाहून घर चालवतात. त्यांचं नाव घेऊन मुलाला घाबरवू नका.

कंट्रोलर आणि लॅपटॉप येत्या शुक्रवारच्या आत घरी आणा आणि आणताना अटी घालू नका. अटी घालायच्या तर पुढे, तिघांनी बसून : कॉलेजची हजेरी, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी, रात्री एकनंतर झोप. ट्रान्समीटरचं किट त्याच्याच हातून परत पाठवा, म्हणजे ते तुम्ही हिसकावलं असं होणार नाही. मला भेटायला याल तेव्हा आईंना घेऊन या आणि त्याला त्याच्या आवडीच्या एखाद्या शुक्रवारचं रेकॉर्डिंग आणायला सांगा. कॅपचा ऑप्शन फॉर्म त्याने स्वतः भरावा. तुम्ही शेजारी बसा, माउस त्याच्या हातात राहू द्या.