निर्दोष सुटलो, पण पोलिसांच्या नोंदीत खटला अजून प्रलंबित

प्रश्न : कॅनडातील कायम वास्तव्यासाठी एक्सप्रेस एंट्रीतून (कुशल कामगारांची निवड करणारी कॅनडा सरकारची ऑनलाइन पद्धत) मला निमंत्रण आले असून अर्ज भरण्याच्या ६० दिवसांपैकी १८ दिवस संपले आहेत. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी (गुन्हेगारी नोंद नसल्याचे प्रमाणपत्र) पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज केला. पण माझ्यावर खटला प्रलंबित असल्याचा अहवाल गावच्या पोलीस ठाण्याने पाठवला. २०१७ साली बांधावरून चुलत्यांशी झालेल्या मारामारीत वडिलांवर व माझ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ (घातक हत्याराने दुखापत) व ३४ (समान उद्देश) खाली गुन्हा दाखल झाला होता. २०२१ मध्ये आम्ही दोघेही निर्दोष सुटलो. आता काय करावे? एजंट म्हणतो, कॅनडाच्या अर्जात खटल्याचा उल्लेखच करू नका.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : न्यायालयाने निकाल दिला म्हणजे पोलीस ठाण्यातील नोंद आपोआप बदलते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गुन्ह्याच्या नोंदीपुढे निकालाचा शेरा कोणीतरी लिहावा लागतो, आणि तो राहून गेला की निर्दोष माणूस वर्षानुवर्षे आरोपीच दिसत राहतो. तुमच्या बाबतीत तेच झालेले दिसते.

सर्वप्रथम ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खटला चालला, तेथील नक्कल विभागात निकालपत्राच्या प्रमाणित प्रतीसाठी आजच अर्ज करा आणि किमान तीन प्रती मागा. त्याचबरोबर सरकारने निकालाविरुद्ध अपील केलेले नाही ना, हे ई-कोर्ट्सच्या (खटल्यांची माहिती देणाऱ्या) संकेतस्थळावर व सत्र आणि उच्च न्यायालयात पाहून घ्या, कारण अपील प्रलंबित असेल तर पुढचा सगळा सल्ला बदलतो. प्रत हाती आल्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक व खटला क्रमांक नमूद करून पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्याची प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना द्या आणि दोन्हींवर आवक शिक्का घ्या. तोंडी विनंतीवर विसंबू नका.

पासपोर्ट कार्यालयाची खुलासा मागणारी नोटीस येण्याची वाट न पाहता, निकालपत्र जोडून फेरपडताळणीची मागणी करा. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(फ) मधील पासपोर्ट नाकारण्याचा अडसर भारतातील फौजदारी न्यायालयापुढे कार्यवाही प्रलंबित असतानाचा आहे. निर्दोष मुक्ततेनंतर, अपील नसताना, तो तुम्हाला लावता येत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा. एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पोलिसांकडून नोकरीसाठी मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला मात्र येथे चालणार नाही. भारतात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाकडून कॅनडाला पासपोर्ट कार्यालयाचेच प्रमाणपत्र लागते.

एजंटाचा सल्ला मानू नका, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. अर्जातील प्रश्न फक्त शिक्षेपुरता नसतो. तुमच्यावर कोणत्याही देशात कधी फौजदारी कार्यवाही झाली होती का, हेही त्यात विचारलेले असते. तुमचे खरे उत्तर ‘होय’ असेच आहे. निर्दोष सुटलेल्या खटल्यामुळे कोणी आपोआप अपात्र ठरत नाही. परंतु महत्त्वाची माहिती दडवल्याचे उघड झाले तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० नुसार पाच वर्षे प्रवेश बंद होतो. ज्या खटल्यात न्यायालयाने तुम्हाला निर्दोष ठरवले, तो लपवून नव्याने दोषी का व्हायचे? ‘होय’ लिहून घटनेची थोडक्यात हकिकत द्या आणि निकालपत्र जोडा. निकालपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र लागेल. ते भाषांतर तुम्ही किंवा घरच्यांनी केलेले चालत नाही.

उरलेल्या ४२ दिवसांत प्रमाणपत्र आले नाही, तर मुदत उलटू देऊ नका. पासपोर्ट कार्यालयातील अर्जाची पावती, शिक्क्यांसह पत्रव्यवहार आणि विलंबाचे कारण सांगणारे पत्र जोडून अर्ज वेळेत दाखल करा. असा अर्ज स्वीकारणे अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असल्याने प्रत्येक कागदावर तारीख असलीच पाहिजे. गेल्या दहा वर्षांत अन्य कोणत्या देशात तुम्ही सलग सहा महिने राहिला असाल, तर तेथील पोलीस प्रमाणपत्रासाठीही याच आठवड्यात अर्ज करा.