आजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेली की पंच्याण्णवाव्या?

एका वाचकाचा प्रश्न आहे : "घरातल्या माणसांपुरती, आजीच्या आठवणींची लहानशी पुस्तिका करतो आहे. पहिलेच वाक्य लिहिले, 'आजी वयाच्या ९४व्या वर्षी गेली.' काकांनी ९४ खोडून ९५ केले. आत्या म्हणते, आई चौऱ्याण्णव वर्षांचीच होती, एक वर्ष कुठून आणलंत? आजीचा जन्म मार्च १९३०चा, गेली सप्टेंबर २०२४मध्ये. कोणाचे बरोबर? पुढे मी 'तिची चौऱ्याण्णव वर्षे भरली होती' असे लिहिले होते, ते माझ्या आईला खटकले. का खटकले ते तिला सांगता येईना, पण 'हे काढ' म्हणाली. आणि जाता जाता, 'आजीच्या आयुष्यात' लिहू की 'आजीच्या हयातीत'?"

काका आणि आत्या, दोघेही बरोबर आहेत. चुकले आहे ते तुमचे वाक्य.

आत्या वर्षे मोजते आहे, काका वर्षाचा क्रमांक सांगत आहेत. व्याकरणात पहिल्याला गणनावाचक आणि दुसऱ्याला क्रमवाचक संख्याविशेषण म्हणतात. शाळेत हे दोन शब्द आपण पाठ केले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. मार्च १९३० ते मार्च १९३१ हे आजीचे पहिले वर्ष. त्या सबंध वर्षात तिचे वय विचारले असते तर उत्तर महिन्यांत आले असते, 'चार महिन्यांची', 'नऊ महिन्यांची'. पण वर्ष मात्र पहिलेच चालू होते. हाच हिशोब पुढे नेला की मार्च २०२४मध्ये तिची ९४ वर्षे पूर्ण झाली आणि ९५वे सुरू झाले. सप्टेंबरात ती गेली तेव्हा ती ९४ वर्षांची होती आणि वयाच्या ९५व्या वर्षात होती. 'वयाच्या ९४व्या वर्षी' याचा काटेकोर अर्थ मार्च २०२३ ते मार्च २०२४ या काळात, म्हणजे निदान पाच महिने आधीच तुम्ही तिला निरोप दिलात.

शतकांच्या बाबतीत आपण हे बिनचूक करतो. १८५८ साल एकोणिसाव्या शतकातले, हे सांगताना कोणी अडखळत नाही. वयाशी आलो की मात्र गाडी घसरते. महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ला जन्मले आणि ९ नोव्हेंबर १९६२ला गेले : १०४ वर्षे पुरी, १०५वे चालू. लता मंगेशकर २८ सप्टेंबर १९२९ला जन्मल्या, ६ फेब्रुवारी २०२२ला गेल्या : ९२ पुरी, ९३वे चालू. 'वयाच्या ९२व्या वर्षी निधन' असे तेव्हा कितीतरी ठिकाणी वाचायला मिळाले. तुम्ही एकटे नाही, एवढाच दिलासा.

ही चूक इतकी सर्रास का होते? माझ्या मते याचे खापर वाढदिवसावर फोडावे. मूल एक वर्षाचे झाले की त्याचा पहिला वाढदिवस आणि त्याच दिवशी दुसरे वर्ष सुरू. म्हणजे पहिल्या वाढदिवसापासूनच वाढदिवसाचा क्रमांक आणि वर्षाचा क्रमांक यांची फारकत होते. आजीचा चौऱ्याण्णवावा वाढदिवस तुम्ही केला असेल तर तो चौऱ्याण्णवावाच, त्यात चूक नाही. पण त्या दिवशी लागले ते पंच्याण्णवावे वर्ष. 'चौऱ्याण्णवावा' हा शब्द कानात बसलेला असतो, लिहिताना तोच 'वर्षी'च्या मागे जाऊन उभा राहतो. शब्द तोच, नाम बदलले, अर्थ वर्षभराने सरकला.

स्वातंत्र्यदिनाचे गणित याच्या नेमके उलट आहे, म्हणून तिथे वेगळाच घोळ होतो. १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला स्वातंत्र्यदिन धरतात, त्यामुळे २०२२ साली ७५ वर्षे पूर्ण झाली तेव्हा तो ७६वा स्वातंत्र्यदिन होता. माणसाच्या जन्माच्या दिवसाला मात्र आपण पहिला वाढदिवस म्हणत नाही. दर ऑगस्टात यावरून वाद घालणारे एक तरी गृहस्थ प्रत्येकाच्या ओळखीचे असतात (मी आमच्या ओळखीच्यांत तो मान मिळवून आहे).

आता या प्रश्नातला मला सगळ्यात आवडणारा भाग. तुमच्या काकांनी ९५ हा आकडा हिशोब करून काढला असेल असे मला वाटत नाही. बहुधा आजीच्याच तोंडून ऐकला असेल. त्या पिढीतली कितीतरी माणसे आपले वय चालू वर्षाने सांगायची, आणि त्यासाठी त्यांच्याकडे एक अचूक क्रियापद होते : लागणे. "मला नव्वदावं लागलंय." माझी आजी हे वाक्य अशा थाटात म्हणायची की समोरच्याने तिचे अभिनंदनच करावे. नव्वदी पूर्ण व्हायला अजून अकरा महिने होते, पण 'एकोणनव्वद' हा शब्द तिने एकदा मागे टाकला तो टाकलाच. बाकीच्या बायका वय चोरतात आणि ही पुढचे उसने घेते, असे आजोबा म्हणायचे.

या 'लागणे'कडे जरा थांबून पाहा. महिना लागतो, पावसाळा लागतो, सुट्टी लागते, ग्रहण लागते. सगळीकडे अर्थ एकच, सुरुवात झाली, आता काही काळ हे चालणार. वयाच्या बाबतीत मात्र आणखी एक गंमत होते. 'तिला पंच्याण्णवावं लागलं' या वाक्यात कर्ता आहे वर्ष, आणि आजी चतुर्थीत. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, तसेच वर्ष लागते. माणूस त्यासाठी काही करत नाही. ते आपणहून येते आणि माणसाला लागते. चाळिशीही अशीच लागते, आणि ती इतकी हमखास डोळ्यांना लागते की मराठीने चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणून टाकले. वयाचा टप्पा थेट नाकावर जाऊन बसल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

वर्तमानपत्री मराठीत 'लागणे'ची जागा 'पदार्पण करणे'ने घेतली आहे. अर्थ तोच, पण 'आजीने पंच्याण्णवाव्या वर्षात पदार्पण केले' म्हटले की आजी रंगमंचावर आल्यासारखी वाटते. पुस्तिकेत नको.

जाता जाता एक मजेशीर पडताळा. 'मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असे आपण म्हणतो. आजीचे पावसाळे मोजा. मार्चात जन्मलेल्या आजीचा पहिला पावसाळा १९३०चाच, आणि शेवटचा २०२४चा, तोही सप्टेंबरपर्यंत बहुतेक सगळा. म्हणजे पंच्याण्णव. वर्षाने मोजले तर आत्या जिंकते, पावसाळ्याने मोजले तर काका. ती पावसाळ्याआधी, एप्रिलात गेली असती तर हे जमले नसते, तेव्हा याचा नियम करू नका.

दशकांच्या शब्दांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुस्तिकेत लागतीलच. विशी, तिशी, पन्नाशी, साठी, सत्तरी असे चढत आलो की ऐंशीला अडचण येते, कारण त्या आकड्याचा शेवट आधीच 'शी' आहे. मग 'ती ऐंशीची झाली' आणि 'तिने ऐंशी ओलांडली' दोन्हीकडे एकच शब्द चालवावा लागतो. पुढे नव्वदी आणि शंभरी पुन्हा सरळ. क्रियापदे निवडताना मात्र कान जागा ठेवा. 'नव्वदीला टेकली' म्हणजे अजून पोचली नाही, अगदी जवळ आली. 'गाठली' म्हणजे पोचली. 'उलटली' आणि 'ओलांडली' म्हणजे पुढे गेली. पण 'साठी उलटली' या प्रयोगाला मला नेहमी थोडा टोमण्याचा वास येतो, 'या वयात हे शोभतं का' असे पुढे कोणी म्हणणार असल्यासारखा. आजीसाठी मी 'ओलांडली' घेईन. ओलांडायला पाय उचलावा लागतो. चौऱ्याण्णव वर्षांच्या व्यक्तीला 'शतायुषी' म्हणू नका, तो शब्द शंभराचा आहे. 'शंभरीकडे झुकलेली' म्हणता येईल.

आणि शंभरीवरून आठवले : एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे करत मराठी थेट एकोणनव्वदपर्यंत जाते. दर वेळी पुढच्या दहाईकडे बघून 'एकाने कमी' म्हणते. 'एकोण' म्हणजे एकाने ऊन, उणे. हिंदीने ८९ला 'नवासी' म्हणून ही रीत सोडली, आपण तिथेही एकोणनव्वद धरून ठेवले. पण नव्व्याण्णवला मराठीही बदलते. तिथे शंभरातून एक वजा नाही, नव्वदात नऊ मिळवलेले आहेत. नव्व्याण्णव वर्षांच्या माणसाला उणे म्हणायचे नाही, असे काही भाषेने ठरवले असेल असे मी म्हणत नाही. पण मला तसे समजायला आवडते.

आता 'भरली'. तुमच्या आईचा कान पक्का आहे. 'भरणे' हे क्रियापद एरवी किती प्रेमळ आहे पाहा : भरले घर, भरल्या पोटी, मन भरून आले, डोळे भरून पाहिले. पण मोजलेल्या गोष्टीला ते लावले की त्यात मुदत शिरते. दिवस भरले, महिने भरले, घडा भरला, शंभर भरले. दिवस भरतात ते बाळंतिणीचे, तेव्हा आनंदच. पण 'तुझे दिवस भरलेत' ही सरळ धमकी आहे. 'शंभर भरले'मागे तर शिशुपाल उभा. त्याचे शंभर अपराध पोटात घालीन असे कृष्णाने त्याच्या आईला वचन दिले होते, आणि शंभर भरल्यावर जे झाले ते महाभारतात आहे. मोजमाप आधीच ठरलेले होते, ते आता संपले, पुढे काही नाही, असा हा 'भरणे'चा सूर. म्हणून 'तिची चौऱ्याण्णव वर्षे भरली होती' हे वाचताना आजी कसली तरी मुदत भोगत होती असे वाटते. व्याकरणाने त्यात काही चूक नाही. लहान मुलाचे 'वर्ष भरले' म्हणताना हा सूर ऐकूही येत नाही, कारण तिथे पुढचे सगळे शिल्लक असते. म्हाताऱ्या माणसापाशी तो ऐकू येतो.

याला उपाय सोपा आहे. 'तिची वर्षे भरली' ऐवजी 'तिने चौऱ्याण्णव वर्षं पुरी केली'. एक प्रत्यय आणि एक क्रियापद बदलले आणि आजी कर्ता झाली. वर भुकेसारखे लागणारे वर्ष इथे तिने हातात घेऊन पुरे केले. 'वर्षं काढली' मात्र लिहू नका, त्यात हालअपेष्टा आहेत. तिने तशी काढली असतील तर गोष्ट वेगळी.

'आयुष्य' आणि 'हयात' यांचे लवकर आटोपतो. दोन्ही शब्द लागतील, जागा वेगळ्या. 'आयुष्यात' म्हणजे तिच्या वाट्याला जे आले ते : 'आजीच्या आयुष्यात असा प्रसंग एकदाच आला.' 'हयातीत' म्हणजे ती असेपर्यंतचा काळ, मग गोष्ट तिची असो वा दुसऱ्या कोणाची : 'आजीच्या हयातीत घराची वाटणी झाली नाही.' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द आहे आणि अजून कागदपत्रांचा वास धरून आहे, निवृत्तिवेतनाला लागणारा दाखलाही 'हयातीचा'. पण एक सावधगिरी. 'हयातीत झाले नाही' असे लिहिले की 'नंतर झाले' हे न लिहिताही वाचले जाते. घरातल्यांसाठीच्या पुस्तिकेत असे एक वाक्य पुरते. वाटणी खरोखरच झाली असेल तर जपून. 'दीर्घ जीवन जगली' असे कुठे लिहिले असेल तर तेही बदला, ते मराठी कपडे घातलेले परके वाक्य आहे. 'उदंड आयुष्य लाभलं' म्हणा, किंवा आजीच्याच तोंडचा शब्द हवा असेल तर 'औक्ष' आहे. आयुष्य हाच शब्द बोलण्यात झिजून औक्ष झाला. पाया पडल्यावर ती 'औक्षवंत हो' म्हणत असेल, तर तो शब्द तुमच्या आधी तिचा आहे आणि पुस्तिकेत हक्काने येऊ शकतो.

पहिले वाक्य मी असे करीन : 'आजी सप्टेंबर २०२४मध्ये गेली. त्या मार्चात तिने चौऱ्याण्णव वर्षं पुरी केली होती, आणि तिला पंच्याण्णवावं लागलं होतं.' यात आत्याचे चौऱ्याण्णव राहिले, काकांचे पंच्याण्णवही राहिले. फोटोखाली आकडा घालूच नका. 'मार्च १९३० – सप्टेंबर २०२४' एवढेच छापा, वजाबाकी ज्याची त्याने करावी.