पुण्यात वाढणाऱ्या मुलांना खान्देशी जेवण कसं आवडेल?

तुमची मुलं 6 आणि 9 वर्षांची, पुण्यात वाढतायत, खान्देशी जेवण म्हटलं की "तिखट आहे" म्हणून ताट सरकवतात. त्यांना आपले पदार्थ कसे आवडावेत आणि स्वयंपाकाला कधी लावावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक सांगते. खान्देशी म्हणजे जाळ, हे हॉटेलवाल्यांनी ठरवलंय. शेवभाजीवर लाल तर्री तरंगली की झाला खान्देश! घरात रोज शेवभाजी कोण करतं? वरण-बट्टी तिखट असते का? कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि लोणी? दशमी, सांजोरी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरसात बुडवलेली खापरावरची पुरणपोळी? तुम्ही मुलांना पहिल्यांदा काय वाढलंत ते लिहिलेलं नाही, पण शेवभाजी नाहीतर भरीतच असणार. मग पोरं पळतील नाही तर काय.

हा प्रश्न मला झोंबला, कारण आमच्या घरात यावरून बरीच वर्षं धुसफूस चालू आहे. थोरल्या जाऊबाई पुण्यात असतात. लग्न होऊन याच घरात आल्या, पण बोलताना नेहमी "तुमच्याकडे". "तुमच्याकडे मुलांना खाण्यासारखं काही नसतं हो." उन्हाळ्यात गावी येताना (आमचं गाव अमळनेर तालुक्यात) त्यांच्या बॅगेत दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांची पाकिटं. घरात वीस माणसांचा स्वयंपाक, आणि यांच्या पोराचं पातेलं वेगळं. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त त्या पातेल्याकडे बघायच्या.

एका उन्हाळ्यात तो पोरगा आला तेव्हा बिबड्यांचा घाट घातलेला होता. बिबडे म्हणजे आपले ज्वारीचे पापड, तुम्हाला सांगायला नको. ज्वारी आधीच भिजवून, वाळवून, भरडून ठेवलेली. पहाटे अंगणात तीन दगडांची चूल मांडली, मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं, त्यात मीठ, जिरं, तीळ, ठेचलेला लसूण. मग एकीनं भरड सोडायची आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं घोटायचं. घाटा घट्ट व्हायला लागला की दांडा फिरेनासा होतो, खांदे भरून येतात. शेवटी तो बुडबुड करत उडतो आणि मनगटावर एखादा तरी चटका बसतोच. बाजेवर ओलं धोतर अंथरून त्यावर पाण्याच्या हातानं बिबडे थापायचे. बोटं भाजतात, पण थांबता येत नाही, घाटा गार झाला की पसरत नाही.

हा पोरगा उठला तो थेट बाजेशी. "काकू, मी करू?" जाऊबाई मागून, "अरे, हात नको लावूस, भाजेल." सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे वं, करू दे त्याले." मी त्याला थोडा निवलेला गोळा दिला. त्यानं थापला. मध्ये भोक, कडेला जाड, आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा. मग सासूबाईंनी सगळ्या पोरांना वाटीत गरम घाटा वाढला, वर कच्चं तेल आणि दाण्याची चटणी. यानं वाटी चाटूनपुसून पुढे केली, "अजून." चटणीत मिरची होती बरं का. नाक ओढत होता, खात होता. दुपारी धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं आणि अर्धवट वाळलेले बिबडे सोडवले, तेव्हा स्वतःचा शोधून काढला आणि शेंगदाण्यांबरोबर तिथंच उभ्यानं खाल्ला. त्या दिवशी वेगळं पातेलं चढलं नाही.

जाऊबाईंचं म्हणणं, "गंमत म्हणून खाल्लं हो." माझं म्हणणं, मग करा की रोज गंमत! तो पोरगा आता हॉस्टेलवर राहतो आणि जाताना डबाभर बिबडे नेतो. आणि जाऊबाई नातेवाइकांत सांगतात, "आम्ही त्याला लहानपणापासून सगळं खायची सवय लावली." लावली कोणी, ते अंगणातल्या सगळ्यांना माहीत आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा यांनी ज्वारीची बिस्किटं ऑनलाइन मागवली आणि मलाच त्यातलं लोह समजावून सांगितलं. ज्वारी! मला!

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

मुलांचं वेगळं ताट बंद करा. मिरची कमी घाला, पदार्थ तोच ठेवा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बिबडे जमणार नाहीत, पण फुणके जमतील. तूरडाळ रात्री भिजवा, सकाळी निथळून जाडसर वाटा, पाणी अजिबात घालू नका, नाहीतर गचका होतो. लसूण, कोथिंबीर, मीठ. मुलांच्या वाट्याच्या पिठात मिरची नको. सहा वर्षांच्या पोराला मुठीत दाबून लांबट फुणके करायला सांगा. बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, गुळगुळीत करायचे नसतात. वाफवून, कुस्करून, वर कच्चं तेल आणि सोबत गरम कढी. आपला ठसा असलेला फुणका कुठला यावरून भांडणं होतील, होऊ द्या.

नऊ वर्षांच्याला भाकरी थापायला बसवा, पण सुरुवात कळण्याच्या पिठानं करा. नुसती ज्वारीची भाकरी नवख्याच्या हातात फाटते. कळण्यात उडदाचा चिकटपणा असतो, तो सांभाळून घेतो. आमच्याकडे 4 किलो ज्वारीला 1 किलो अख्खे काळे उडीद आणि खडेमीठ दळतानाच घालतात. भाकरी थापणं त्याचं, तव्यावर टाकणं तुमचं. आणि मुलगा असो की मुलगी, दोघांनाही बसवा. यावर आमच्या घरात आणखी एक वाद आहे, तो परत कधीतरी.

भरीत थंडीतच करा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही; ती हिरवी, पांढरट रेघांची, कमी बियांची वांगी असतात. पुण्यातल्या जांभळ्या वांग्याचं भरीत होतं, पण ती चव नाही. गावी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजतात, तुम्ही गॅसवर भाजा, काय करणार. ठेचलेली मिरची घालायच्या आधी मुलांपुरता गर बाजूला काढा, त्यात कांद्याची पात आणि दाणे घाला.

आता दोन गोष्टी राहिल्या. शेंगदाणा आपल्याकडे सगळ्यात असतो, तेव्हा मुलांचा कोणी मित्र जेवायला येणार असेल तर त्याला दाण्याची ॲलर्जी आहे का, हे त्याच्या आईला आधी विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात, कूट चालेल. आणि हे सगळं करूनही एखादा पदार्थ नाही आवडत. माझ्या मुलीनं अंगणात शंभर वांगी सोलली असतील, भरीत आजही खात नाही. हे जाऊबाईंना सांगू नका.