मिठाचा थेंब चित्रित करताना

प्रिय मित्रा,

तुझ्या फिल्मचा आराखडा वाचला. विषय मिठागराचा, हे फार छान. पण त्यातलं निवेदन काढून टाक. पाणी आटलं की मीठ उरतं, हे गोव्यातल्या रायबंदरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. ते नेमकं कसं उरतं, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलंय. ड्रोनचे शॉटही नकोत. एका थेंबावर कॅमेरा लाव. तीन मिनिटांना पुरेल एवढं नाट्य त्यात आहे, आणि प्रवेशांचा क्रम रसायनाने आधीच लावून ठेवलाय.

घरचं आयोडीनयुक्त मीठ वापरू नकोस. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात घातलेल्या पदार्थांनी द्रावण गढूळ होतं. मिठागरातलंच पाणी घे, पण मीठ धरणाऱ्या वाफ्यातलं नको, त्याच्या आधीच्या वाफ्यातलं. समुद्राचं पाणी आटून साधारण एक-दशांश उरलं की मीठ पडू लागतं. जिप्सम, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट, त्याच्या बरंच आधी पडतं. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेस्तोवर ते बहुतेक खाली बसलेलं असतं, आणि तुझा पहिला प्रवेश तर जिप्समचाच आहे. पाणी विचारून घे आणि बांधावरूनच चाल. वाफ्याचा चिकणमातीचा तळ तुडवून तुडवून घट्ट केलेला असतो, एका पावलाने त्या लोकांचं काम बिघडतं. २०० मिली पुरे. सुती कापडातून गाळ, मग कॉफीच्या फिल्टर पेपरमधून.

आता प्रकाश. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करून आडवा ठेव. त्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे एकाच दिशेत कंप पावतो. थेंबाची काच पडद्यापासून चार-पाच इंच वर धर, नाहीतर पिक्सेलची जाळी दिसेल. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा कंप जाऊ देणारा फिल्टर, लाव आणि पार्श्वभूमी काळी होईपर्यंत फिरव. या अंधारात जिप्समच्या सुया चमकतात. थोड्या वेळाने मिठाचे चौकोन येतात, आणि ते काळेच राहतात. मिठाचा स्फटिक घनाकृती जातीचा; प्रकाश त्यातून कोणत्याही दिशेने गेला तरी त्याची गती सारखीच असते, म्हणून त्याला रंग येत नाही. उजेडाच्या सुयांमध्ये अंधाराचे चौकोन घुसताहेत, हा तुझ्या फिल्मचा मधला क्षण. चौकोन अगदीच हरवले तर पोलरायझर दहा-पंधरा अंश मागे फिरव. पार्श्वभूमी करडी होईल आणि कडा उठून दिसतील. काच खरी काचच हवी. प्लॅस्टिकच्या बशीत साच्याचा ताण गोठलेला असतो, तो स्वतःचेच इंद्रधनुषी पट्टे दाखवतो आणि नवखा माणूस त्यांनाच स्फटिक समजून बसतो.

चौकट थेंबाच्या मध्यावर नको, काठावर लाव. काठाशी थर पातळ असतो आणि पाणी तिथे लवकर उडतं, म्हणून पहिले स्फटिक तिथेच धरतात. मीठ काठ ओलांडून काचेवर सरपटायला लागतं. थेंबाभोवती व्हॅसलिनची बारीक रेघ ओढलीस तर ते अडतं.

कॅमेरा लावण्याआधी तीन थेंब नुसते घड्याळ घेऊन बघ: पहिली सुई कधी, पहिला चौकोन कधी. त्यावरून दोन फोटोंमधलं अंतर ठरव. ५० मिनिटांची घडामोड दर २ सेकंदांना एक फोटो घेऊन टिपलीस तर १५०० फोटो होतात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमने बरोबर १ मिनिट. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र), शटर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं हाताने ठरवून तसंच ठेव. रिंग फिरवून ॲपर्चर बदलणारी जुनी ५० मिमीची लेन्स उलटी लावलीस तर ऑटो लेन्सची फडफड टळते. तिथे ॲपर्चरचं पातं दर फोटोला किंचित वेगळं मिटतं आणि फिल्म लुकलुकते. ॲपर्चर फार बारीक करू नकोस. एकास एक मोठेपणावर, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकारात उमटते तेव्हा, एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ होतं, त्याहून बारीक केलंस तर सगळंच मऊ पडतं. पडद्याचा उजेड शंभर टक्के ठेव आणि शटर १/२५ किंवा त्याहून हळू. पंखा बंद. पाणी उतरतं तसा फोकसही सुटतो, म्हणून तो थेंबाच्या पृष्ठभागावर न लावता काचेवर लाव. स्फटिक शेवटी तिथेच बसतात.

एडिटिंगमध्ये रंग बदलू नकोस, हे मी आग्रहाने सांगतो. सुयांचे रंग त्यांच्या जाडीनुसार येतात, म्हणजे ते माप आहे. ते गडद केलंस की तू निसर्गाचं म्हणणं पुसून स्वतःचं लिहिलंस. शेवटच्या पाटीवर तापमान, आर्द्रता आणि फोटोंमधलं अंतर लिही.

थेंब पूर्ण कोरडा होण्याची वाट बघत बसू नकोस. मिठागराच्या पाण्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे कड ओलीच राहते. शुद्ध मीठसुद्धा आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाझरायला लागतं, आणि जूनमध्ये गोव्यात ती याहून वर असते. म्हणून काच फेकू नकोस. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेव. लेन्सही तशाच डब्यात जाऊ दे, पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. पहिला मोठा पाऊस झाला की काच बाहेर काढ, तीच चौकट लाव, खिडकी उघड. चौकोनांचे कोपरे गोलसर होतील, मग सुयांमधून पाणी पसरेल. कॅमेरा चालू ठेव.

तुझा,
एक ज्येष्ठ मित्र